यंदाचा नाट्यहंगाम आणि आपल्या मुली

(बुद्धविहारातील रविवारच्या सभेत वंदनेनंतर नाट्यमंडळाच्या कार्यवाहांनी केलेले भाषण)





यंदाच्या हंगामात आपल्या वस्तीच्या नाट्यमंडळाने काय केले, काय करावयाचे राहिले आणि जे राहिले ते का राहिले, याचा हिशेब आपणांपुढे ठेवण्याचे काम मंडळाने माझ्यावर सोपविले आहे. हिशेब म्हटला की जमाखर्च आलाच. परंतु पैशाचा हिशेब विहाराच्या दाराशी फळ्यावर लाविलेला आहे. तो ज्याने त्याने वाचावा आणि शंका असल्यास खजिनदारांना विचारावे. मला बोलावयाचे आहे ते निराळ्या हिशेबाविषयी. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांनी गेल्या एक-दोन वर्षांतच धम्मदीक्षा घेतलेली आहे. हा विहार, ही वंदना, ही माणसे आपणांस अजून नवी आहेत. अशा कुटुंबांच्या मनात आपल्या नाटकाविषयी एक अढी आहे. ती अढी मोकळेपणाने बोलून दाखविली जात नाही. पण ती दूर झाल्यावाचून हंगामाचे तिसरे नाटक उभे राहणार नाही, हे मी आरंभीच सांगून टाकतो.

प्रथम झालेल्या गोष्टी. आपला हंगाम वर्षावासात तालमींनी सुरू होतो आणि भीमजयंतीला संपतो. विजयादशमीला आपली बरीच मंडळी नागपूरला दीक्षाभूमीवर जातात, म्हणून पहिला प्रयोग त्यापुढच्या रविवारी ठेविला होता. प्रेमानंद गज्वी यांची 'घोटभर पाणी' ही १९७७ सालची एकांकिका आपण केली. लेखकाची परवानगी रीतसर घेतली होती. मध्यंतरी वीज गेली आणि ध्वनिक्षेपक बंद पडला, तेव्हा आपल्या दोन्ही मुलांनी उघड्या गळ्याने उरलेला खेळ पार पाडिला आणि मागच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द पोचला, हे आपण पाहिलेच आहे. वस्तीतले नाटक म्हणजे पोराटोरांचा खेळ, असे समजणारे काही सुशिक्षित आपल्यातच आहेत. त्यांच्या माहितीसाठी सांगतो की, ज्या लेखकाची ही एकांकिका गावोगावच्या हौशी मुलांनी अंगणात आणि शाळेच्या ओट्यावर केली, तेच २०१९ साली नागपूरला भरलेल्या ९९ व्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष होते.

दुसरा प्रयोग ३ जानेवारीचा, सावित्रीबाईंच्या जयंतीचा. त्या दिवशी आपण जोतीराव फुले यांचे 'तृतीय रत्न' केले. हे नाटक जोतीरावांनी १८५५ साली लिहिले आणि दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते नाकारिले. पुढे ते छापून लोकांच्या हाती पडावयास १९७९ साल उजाडावे लागले. म्हणजे आपल्या समाजाला शहाणे करण्यासाठी लिहिलेले नाटक सव्वाशे वर्षे कागदावरच राहिले! एक गरीब कुणबी, त्याची गरोदर बायको आणि त्यांना ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी, एवढीच त्याची गोष्ट. मध्येच विदूषक पुढे येतो आणि प्रेक्षकांना कानपिचक्या देतो. अखेरीस नवराबायको रात्रीच्या शाळेत शिकावयास निघतात.

आता या प्रयोगात काय झाले ते ऐका. कुणब्याच्या बायकोचे काम आपल्या मंडळातील एका तरुणाने लुगडे नेसून केले. काम त्याने मनापासून केले, त्याचा काहीच दोष नाही. परंतु जोशी त्या बाईला पोटातल्या मुलाविषयी भीती घालतो, ती घाबरून नवऱ्याकडे पाहते, ज्या ठिकाणी प्रेक्षकाच्या काळजात कळ उठावयास हवी, नेमक्या त्याच ठिकाणी आपल्या मुलांनी शिट्या वाजविल्या. का? तर लुगड्यातला मुलगा त्यांच्या ओळखीचा होता. एका बाईचे भय हा हसण्याचा विषय झाला, आणि तोही सावित्रीबाईंच्या जयंतीदिवशी! त्या रात्री मंडळाची बैठक झाली आणि एकमताने ठरले की, यापुढे आपल्या रंगमंचावर स्त्रीचे काम स्त्रीच करील. हा ठराव करावयास आपल्याला इतका उशीर झाला याची मला लाज वाटते. मराठी धंदेवाईक रंगभूमीवर १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या, त्याला किती काळ लोटला हे आपणच मोजावे.

तिसरे नाटक आपण स्वतः रचिले आहे. गोष्ट प्रकृतीची आहे. 'दिव्यावदान' या बौद्ध ग्रंथात शार्दूलकर्णाचे अवदान म्हणून ती आलेली आहे, आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी १९३३ साली तिच्यावरूनच 'चंडालिका' लिहिले. श्रावस्तीत भिक्षाटन करून परतणारा आनंद विहिरीवर पाणी भरणाऱ्या मुलीजवळ पाणी मागतो. ती म्हणते, मी चांडाळाची मुलगी आहे. तो म्हणतो, भगिनी, मी तुझे कुळ विचारले नाही, पाणी मागितले. ती पाणी देते, आणि तिचे जीवन पालटते. रवींद्रनाथांनी या मुलीच्या मनातील वादळ रंगविले. आपण मूळ अवदानातला पुढचा भागही घेतला आहे. तिथे त्रिशंकू नावाचा मातंगांचा राजा आपल्या विद्वान मुलासाठी पुष्करसारी या ब्राह्मणाची मुलगी मागतो. ब्राह्मण संतापतो, आणि मग राजा त्याच्याशी जन्मावरून ठरणाऱ्या उच्चनीचतेवर सडेतोड वाद घालतो. हा वाद आमच्या संहितेत पुरा वीस मिनिटांचा आहे. तरुण मंडळी तो कापा म्हणून माझ्या मागे लागली आहेत. मी एक ओळही कापणार नाही! आपल्या पूर्वजांनी कधी काळी केलेली एवढी मोठी वकिली ऐकावयास वीस मिनिटे जास्त झाली, असे म्हणणाऱ्यांनी हल्लीच्या मालिका किती वेळ पाहतो ते आधी सांगावे.

संहितेवर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे शिक्कामोर्तब होऊन आले. तालमी सुरू झाल्या. प्रकृतीच्या कामासाठी आपल्याच वस्तीतील एक भगिनी पुढे आली. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. महिनाभर ती नियमाने आली, आणि नंतर एकाएकी यायची बंद झाली.

त्या घराची परवानगी घेऊनच मी पुढचे सांगतो आहे. नाव सांगणार नाही आणि आपणही विचारू नये. झाले असे की, मंडळाने हस्तपत्रके छापिली आणि त्यांवर त्या मुलीचे नाव आणि छायाचित्र छापून मोकळे झाले. घरच्यांना विचारण्याचे कोणालाही सुचले नाही. पत्रक किराणा दुकानाच्या भिंतीवर लागले, ते तिच्या वडिलांनी कामावरून येताना पाहिले. चूक सर्वस्वी मंडळाची, म्हणजे कार्यवाह या नात्याने माझी. ती कबूल करावयास मी त्यांच्या घरी गेलो. वाटले होते, क्षमा मागितली की काम होईल.

वडील फारसे बोलले नाहीत. बोलल्या त्या आजी. म्हणाल्या, "मास्तर, चहा घ्या आणि मग ऐका. माझे सासरे तमाशात हलगी वाजवायचे. रात्रभर जत्रेत वाजवायची आणि सकाळी वाड्याच्या मागच्या दाराशी भाकरीसाठी बसायचं. त्यांची चुलत बहीण फडात नाचायची. ती म्हातारी झाल्यावर तिला कोणी दारात उभं केलं नाही, ज्यांनी पैसे उधळले त्यांनी तर नाहीच. ती हलगी आम्ही दीक्षेच्या आदल्या दिवशी मोडली. आता तुम्ही माझ्या नातीला स्टेजवर उभी करता आणि भिंतीवर तिचा फोटो लावता. आमच्या घरात हे पुन्हा?"

मी काही उत्तर देणार तोच त्या पुढे म्हणाल्या, "आणि डिसेंबरात तुम्हीच इथे विहारात सांगितलंत ना, की महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितलं, जुन्या खुणा अंगावरून टाका, लुगडी नीट नेसा, गळ्यातले ते दागिन्यांचे जोखड काढा? मग माझ्या नातीला तुम्ही फाटकं चिरगूट का नेसवलंत? जे आम्ही टाकलं, तेच तुम्ही हौसेने अंगावर घालता?"

बंधुभगिनींनो, मी तीस वर्षे शाळेत शिकविले, परंतु असा प्रश्न मला कोणी विचारलेला नव्हता. १९२७ च्या डिसेंबरातील महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना केलेला तो उपदेश मी डिसेंबरात इथूनच मोठ्या आवेशाने सांगितला होता, आणि जानेवारीत मीच त्या मुलीसाठी जुन्या बाजारातून फाटके लुगडे आणविले होते. मी चहा पिऊन मुकाट्याने परत आलो.

आजींच्या नातवाने निघताना आणखी एक बाण मारिला. तो शिकलेला मुलगा; मोबाइलवर त्रिपिटकातील सुत्ते वाचतो, ही कौतुकाची गोष्ट आहे. तो म्हणाला, "मास्तर, नट मेल्यावर नरकात जातो असे खुद्द भगवंतांनी सांगितले आहे. मग विहाराच्या पटांगणात नाटक कसे चालते?"

हे तीन प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात आहेत, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी त्यांचा विचार आपल्यासमोरच करतो.

नातवाचा प्रश्न प्रथम घेतो, कारण त्याचे उत्तर ग्रंथात आहे. संयुत्त निकायात तालपुट नावाच्या नटांच्या नायकाचे सुत्त आहे. तो राजगृहाला भगवंतांकडे आला आणि म्हणाला, आमचे जुने आचार्य सांगत की, जो नट खऱ्याखोट्याने लोकांना हसवितो तो मेल्यावर हसऱ्या देवांच्या लोकी जातो; आपण काय म्हणता? भगवंतांनी दोन वेळा, हे विचारू नकोस, असे म्हटले. तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितले: लोक आधीच राग, द्वेष आणि मोह यांनी बांधलेले असतात, नट त्यांच्यापुढे हेच बंध वाढविणाऱ्या गोष्टी मांडतो, स्वतः बेहोश होऊन इतरांना बेहोश करणारा तो नट नरकात पडतो. तालपुट रडला. भगवंतांच्या बोलण्याने नव्हे, जुन्या आचार्यांनी आपल्याला इतका काळ फसविले म्हणून रडला. पुढे तो भिक्खू झाला आणि अर्हत झाला; त्याच्या गाथा थेरगाथेत आहेत.

यात दोष कशाला दिला आहे ते नीट पाहा. लोभ, द्वेष आणि मोह वाढविण्याला दिला आहे. ज्या खेळाने हे तिन्ही कमी होत असतील, त्याला हा दोष कसा लागेल? माझे हे मत ग्रंथाच्या शब्दापुढचे आहे, हे मी प्रामाणिकपणे सांगतो; कोणी भिक्खू अधिक जाणता असेल त्याने मला दुरुस्त करावे. परंतु बौद्ध परंपरेने नाटक टाकिले नाही, ही तर इतिहासातील गोष्ट आहे. अश्वघोष हा बुद्धचरिताचा कवी. त्याने 'शारिपुत्रप्रकरण' नावाचे नऊ अंकांचे नाटक लिहिले. त्याच्या ताडपत्रांचे तुकडे मध्य आशियात सापडले आणि ल्यूडर्स या जर्मन पंडिताने ते १९११ साली प्रसिद्ध केले. त्या नाटकाचा विषय काय, तर सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांचा धम्मप्रवेश. म्हणजे जुने मत सोडून धम्मात येणाऱ्या माणसांची गोष्ट. आपली आणि त्यांची गोष्ट अगदीच परकी नाही.

अष्टशीलात नृत्य-गीत-वादन पाहण्यापासून दूर राहण्याचे शील आहे, हे खरे. ते उपोसथाच्या दिवशी पाळावयाचे असते. पंचशीलात ते नाही. म्हणून आपण पौर्णिमेला प्रयोग ठेवीत नाही आणि पुढेही ठेवणार नाही.

आता आजींचा पहिला प्रश्न. त्यांचे दुःख खरे आहे आणि त्यांचा संतापही योग्य आहे. महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी पठ्ठे बापूराव तमाशाच्या उत्पन्नातून मदत देऊ करीत होते, ती बाबासाहेबांनी घेतली नाही. आपल्या भगिनींना नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. ही हकीकत त्यांच्या चरित्रात नमूद आहे. परंतु त्याच बाबासाहेबांनी जलशांना प्रोत्साहन दिले, आणि त्यांचा जलसा बाहेरून पाहिला तर तमाशाचेच रूप होते. १९३० नंतरच्या दशकात नाशिकच्या भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरला. पुढे १९७८ साली त्यांनी आंबेडकरी जलशांवर पुस्तकच लिहिले. त्या शाहिरांनी ढोलकी ठेविली, तुणतुणे ठेविले, बतावणी ठेविली. टाकिली ती शृंगाराची लावणी, टाकिले ते दौलतजाद्यासाठी हात पसरणे. वाद्य तेच राहिले, वाजविणारा कोणापुढे आणि कशासाठी उभा आहे हे बदलले. दिवसा मजुरी करून रात्री हे लोक आपल्याच माणसांसमोर उभे राहत आणि शाळेत जा, मेलेले ढोर ओढू नका, हे गाऊन सांगत.

पण एक गोष्ट त्या जलशांतही राहून गेली. बायकांची कामे तेथेही पुरुषच करीत. का? कारण तमाशाचा डाग आपल्या मुलीला लागू नये, ही भीती त्या शूर शाहिरांनाही होती. मी त्यांना नावे ठेवीत नाही. त्या काळी ती भीती खोटी नव्हती. पण आजही आपण तीच भीती धरून बसलो, तर त्याचा अर्थ असा होईल की, आपल्या बहिणींना ज्यांनी नाचविले त्यांची नजर आपण अजून खरी मानतो. नाचविणारा निर्लज्ज आणि लाज मात्र नाचणारीच्या घरात वंशपरंपरेने! हा कोणता न्याय? आजींच्या सासऱ्यांच्या त्या चुलत बहिणीने काय पाप केले होते? मला हे त्या दिवशी सुचले नाही. सुचले असते तर मी त्यांना एवढेच विचारले असते.

उरला लुगड्याचा प्रश्न. याचे उत्तर मी दोन आठवडे शोधीत होतो. प्रथम माझ्या मनात आले की, नटाने चिंध्या अंगावर घालणे आणि जन्माने चिंध्या घालावयास लागणे यांत फरक आहे. नट खेळ संपल्यावर त्या काढून ठेवतो. हे खरे आहे. ज्या मुलांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना ते दाखविलेही पाहिजेत. परंतु मग मी अवदान पुन्हा वाचिले. प्रकृतीचे कपडे फाटके होते असे मला त्यात कोठेही आढळले नाही! ते आमच्या डोक्यातून आले होते. चांडाळाची मुलगी म्हटली की फाटके लुगडे, हे आम्ही न वाचताच ठरवून टाकिले. हे कोणाच्या नजरेने ठरविले, त्याचा विचार मी करतो तेव्हा अस्वस्थ होतो. मंडळाने आता ठरविले आहे की, प्रकृती स्वच्छ, धुतलेले, नीट नेसलेले लुगडे नेसून विहिरीवर येईल. ती अस्पृश्य आहे हे प्रेक्षकांना तिच्या चिंध्यांवरून कळू नये, तिच्यापासून दूर सरणाऱ्यांच्या पावलांवरून कळावे. हा बदल आजींच्या बोलण्यामुळे झाला.

हा निर्णय सांगावयास मी पुन्हा त्यांच्या घरी गेलो. त्या म्हणाल्या, "बघते." पुढच्या मंगळवारी त्या तालमीला आल्या. नात बरोबर नव्हती. त्या मागे बाकावर बसल्या. प्रकृतीचे काम त्या दिवशी तात्पुरते दुसरी एक भगिनी संहिता हातात धरून करीत होती. पाणी देण्याचा प्रसंग आला तेव्हा तिने कळशी उंच धरून आनंदाच्या पात्रात लांबून धार सोडली. आजी उठून पुढे आल्या. म्हणाल्या, "असं नाही. असं वरून पाणी आम्हाला घालायचे. ओंजळ धरायची आणि वरून धार पडायची, अर्धं पाणी मातीत जायचं. ही पोर पहिल्यांदा माणसाला माणसासारखं पाणी देते आहे. तिने जवळ जायला पाहिजे. पात्राला कळशीचा काठ लागू दे." आणि त्यांनी स्वतः कळशी घेऊन ते करून दाखविले. तालमीत कोणी काही बोलले नाही. दिग्दर्शकाने संहितेच्या समासात ते लिहून घेतले.

त्या मुलीच्या घरून होकार अजून आलेला नाही. आला तर आनंद आहे; न आला तरी त्या घराविषयी वस्तीत कोणी वावगा शब्द काढू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता मंडळाने केलेले नवे नियम सांगतो. घरच्यांची संमती आणि स्वतः नटीची संमती असल्यावाचून कोणाचेही नाव वा छायाचित्र पत्रकावर छापले जाणार नाही. जुनी पत्रके उतरविली आहेत. कोठे दिसल्यास उतरवून मला आणून द्यावीत. तालमी मंगळवारी आणि शुक्रवारी सायंकाळी सात ते नऊ. नऊनंतर एक मिनिटही नाही. मुलींबरोबर आई, आजी, मावशी, जी येईल तिने यावे, तिच्यासाठी खुर्ची आणि चहा असेल. कार्यकारिणीत दोन स्त्रिया घ्यावयाच्या आहेत. नावे आजच सुचवा. हंगामाचा शेवटचा प्रयोग भीमजयंतीच्या सप्ताहात होईल. त्याला नेहमीप्रमाणे तिकीट नाही.

तीन स्त्रियांची कामे आहेत: प्रकृती, तिची आई आणि पुष्करसारीची मुलगी. आईच्या कामासाठी चाळिशीच्या पुढची बाई हवी आहे आणि त्या कामासाठी आजवर एकही नाव आलेले नाही. ते काम लहान नाही. तीत मंत्र-तंत्र करणारी आई आहे, आणि लेकीने ते सारे सोडून जावे की नाही, याचा झगडा तिच्या मनात चालतो. आपल्या घरचे जुने देव्हारे उतरविताना ज्या भगिनींच्या मनात असा झगडा झाला असेल, त्यांना ते काम शिकवावे लागणार नाही. त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे. आणि कोणाच्या घरी जुनी तांब्याची कळशी असल्यास ती एप्रिलपर्यंत मंडळाला वापरावयास द्यावी. आमच्याजवळची प्लास्टिकची आहे आणि तिचा आवाज होत नाही.

जयभीम.